राखून ठेवलेले दहा

"थोडं राखून ठेवावं गं माणसानं," असं म्हणत ताई लोणच्याची शेवटची फोड डब्यात तशीच ठेवून झाकण लावायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या पर्समध्ये नेहमी एक सुपारी उरलेली असते.

झाशीच्या रेल्वे ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. मी भुसावळची, तिचं घराणं सात पिढ्या इथलंच. तिचं मराठी निम्मं हिंदीत चालायचं. मी हसले की म्हणायची, "आम्ही इथं राहून टिकवलं तरी. तुम्ही तिकडे काय तीर मारलात?"

साऱ्या विभागाच्या रजांचं रजिस्टर तिच्याकडे होतं. खाडाखोड तिला खपत नसे. चुकलं तर एक रेघ, वर खरा आकडा, बाजूला सही. स्वतःच्या रजा मात्र तिनं मुरांब्यासारख्या साठवल्या होत्या.

महिन्यातले चार-पाच दिवस ती टेबलाच्या कडेला पोट दाबून काम करायची. कुणी विचारलं तर "ॲसिडिटी है जी." खरं कारण पाळीचं, हे फक्त मला ठाऊक होतं. कॉलेजपासून तिनं कितीतरी डॉक्टर केले आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, "इतना तो सबको होता है." शेवटी भाचीनं तिच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. रोजचं दुखणं शून्य ते दहामध्ये नोंदवायचं. नोंद म्हटल्यावर ही खूश. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

ते घेऊन आम्ही दतिया गेटजवळच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख पाहिला. "तीन, चार, चार. यह तो मामूली है, बहनजी." पाच मिनिटांत आम्ही रस्त्यावर.

मी भडकले. "ताई, परवा तुला उभं राहवत नव्हतं. आणि चार?"

"मग काय दहा लिहू? उद्या याहून वाईट आलं तर लिहायला काही उरायला नको?"

मला हसू आलं, आणि तिथंच रडूही आलं. हिनं आकडेसुद्धा राखून ठेवले होते!

"आकडा राहू दे," मी म्हटलं. "काय जमलं नाही ते लिही."

ॲपमध्ये टिपणाला जागा होती. डॉक्टरांना कळावं म्हणून ती हिंदीत लिहू लागली, अगदी रजिस्टरसारखं कोरडं. "सीढ़ी पर दो बार बैठी." "आटा गूँधा, रोटी नहीं बनी." "रिक्शा रुकवाकर उलटी."

तीन महिन्यांनी छावणीकडच्या एका डॉक्टरबाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं. "यह सब सहकर आप ऑफ़िस जाती रहीं?" तपासण्या झाल्या आणि एंडोमेट्रियोसिस निघालं. "पच्चीस साल में पहली बार किसी ने नाम तो लिया," ती म्हणाली आणि चष्मा पुसत बसली. मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढे ऑपरेशन झालं. साठवलेल्या रजा कामी आल्या, हे ती अजून ऐकवते. मग तिची भोपाळला बदली झाली आणि शेजारचं टेबल रिकामं झालं.

मला मात्र ती आठवते ती दुखण्याचं नाव कळलं त्या दिवशी, डॉक्टरबाईंच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर. मांडीवर फोन घेऊन एकेक तारीख मागे जात होती. जुना आकडा पुसत नव्हती. खाली "दुरुस्ती" लिहून खरा आकडा आणि सहीची दोन अक्षरं टाकत होती. सात. आठ. आठ. मी खांद्यावरून पाहत होते. एका रविवारी तिचं बोट थांबलं. मग तिनं दहा लिहिले आणि फोन पटकन माझ्यापासून वळवला.

तारीख मी वाचली होती. माझ्या मुलीच्या साखरपुड्याची. त्या दिवशी सकाळपासून ती माझ्या ओट्याशी उभी राहून चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटत होती, आणि मी म्हणत होते, "ताई, आणखी थोड्या होऊ देत."