अप्पाचा सर्व्हर आणि नितीनचा मान

सर्व्हर बंद पडला की आम्ही अप्पाला फोन करायचो, आणि अप्पा हॅलोसुद्धा न म्हणता विचारायचा, "शेवटी कशाला हात लावला?" आपण कशालाच हात लावला नाही असं सांगितलं तर तो गप्प बसायचा. त्या गप्प बसण्यापुढं भल्याभल्यांचा टिकाव लागत नसे. थोड्या वेळानं आपणच कबूल करायचो, की हो, खेळातल्या रेल्वेचा एक रूळ जरा इकडचा तिकडं केला होता. "अस्सं," म्हणून तो फोन ठेवायचा. तासाभरात सर्व्हर सुरू झालेला असायचा.

अप्पाचं खरं नाव मल्लिनाथ. नळदुर्गाकडच्या कानडी-मराठी घरातला हा मुलगा धाराशिवच्या पॉलिटेक्निकमध्ये आमच्या वर्गात होता आणि विशीतच पन्नाशीच्या माणसासारखा बोलायचा, म्हणून सगळ्यांचा अप्पा झाला. शिक्षण संपलं, मी लातूरला नोकरीला लागले, शाहीद पुण्याला गेला, नितीन सोलापूरला. अप्पा तेवढा धाराशिवातच राहिला, वडिलांच्या मोटारी भरायच्या दुकानात. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी आणून टाकायचे आणि अप्पा त्यांत नवी तांब्याची तार भरायचा. दुकानाच्या माळ्यावर त्यानं एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला होता, बंद पडलेल्या सायबर कॅफेतला. तोच आमचा सर्व्हर.

खेळ ठोकळ्यांचा होता. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घर, विहीर, रस्ता, काय वाट्टेल ते बांधायचं. आम्ही बांधलेलं गाव अप्पाच्या कॉम्प्युटरमध्ये राहायचं आणि आम्ही आपापल्या गावाहून त्यात शिरायचो. हौशी लोक या खेळाला जास्तीच्या गोष्टी तयार करून जोडतात, त्यांना मॉड म्हणतात. मॉड फार झाले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. म्हणून अप्पानं नियम केला, माणशी एकच मॉड. त्याचं आजोळ परांड्याजवळचं सोनारी. तिथं काळभैरवाच्या यात्रेत घराघराचा मान ठरलेला असतो, कुणी काठी धरायची, कुणी दिवटी. अप्पा मॉडला मानच म्हणायचा. शाहीदचा मान रेल्वेचा, माझा शेताचा आणि जनावरांचा, वर्गातल्या आणखी चौघा-पाचांचेही असेच एकेक. नितीन तेरखेड्याचा, घरात फटाके बनवण्याचा धंदा, त्यानं फटाक्यांचा मान घेतला. अप्पानं स्वतःला काहीच घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "गुरवाला मान नसतो, काम असतं."

कामाला काही तोटा नव्हता. एका दिवाळीत नितीननं रॉकेट सोडलं, त्याच वेळी शाहीदची गाडी स्टेशनात शिरली, आणि माझ्या सगळ्या म्हशी आभाळात जाऊन अडकल्या. वर नुसते पाय दिसत होते. मी फोनवर आरडाओरडा केला तर अप्पा शांतपणे म्हणाला, "आधी लॉग वाच, मंग बोंब मार." लॉग म्हणजे सर्व्हर पडताना स्वतःच लिहून ठेवतो ती तक्रार. ती आमच्यापैकी कुणी कधी वाचली नाही. अप्पा वाचायचा, हातातलं काम बाजूला ठेवून, ओठ हलवत. मग एक गोष्ट बदलायचा, सर्व्हर सुरू करून बघायचा, बंद करायचा, ती गोष्ट जागच्या जागी ठेवून दुसरी बदलायचा. "एका वेळी एकच," तो म्हणायचा. "दोन बदलल्या की पाप कुणाचं ते कळत न्हाय." म्हशी खाली यायला आठवडा गेला. तोवर आम्ही त्यांच्याखालून ये-जा करत होतो.

नितीन गेला तो खऱ्या रस्त्यावर. सोलापूरहून मोटारसायकलवर घरी येत होता. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

दिवस-वार झाल्यावर एका रविवारी नितीनचे वडील, तात्या, अप्पाच्या दुकानात आले. पोरगा धंद्यात उतरला नाही म्हणून त्यांनी त्याच्याशी दोन वर्षं धड बोलणं ठेवलं नव्हतं. आता त्यांच्या कानावर आलं होतं की नितीननं कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बांधलंय. अप्पानं त्यांना हाताला धरून माळ्यावर नेलं आणि नितीननं खेळात बांधलेलं फटाक्यांचं दुकान दाखवलं. पुढं विक्रीची खोली, तिच्यापासून लांब मोकळ्या रानात एकेक शेड. तात्यांनी बोटानं एकेक शेड मोजली. मग म्हणाले, "दारू एकीकडं, वाती दुसरीकडं, भरायची शेड तिसरीकडं. बराबर लावलंय. म्या तर त्याला कधी शिकवलं न्हाय." अप्पानं एक रॉकेट उडवून दाखवलं. हिरवा फुलोरा फुटला. "हिरवा लई पक्का हाय," तात्या म्हणाले. "आपल्याला असा जमत न्हाय."

तेव्हापासून ते रविवारी येऊ लागले. चहा प्यायचे, माळ्यावर चढायचे, अप्पा त्यांना पडद्यावर नितीनच्या दुकानातून फिरवून आणायचा. बोलणं फारसं होत नसे. जाताना पिशवीतून शेंगा काढून ठेवायचे. मी एकदा तिथं होते तेव्हा तात्या पडद्याकडे बघून हळूच म्हणाले, "भांडत बसलो उगीच." अप्पानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि मला त्याचा तेव्हा फार आदर वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात बिघाड सुरू झाला. नितीनच्या दुकानाच्या आसपास कुणी गेलं की सर्व्हर कोसळायचा. लॉगमध्ये नाव यायचं ते फटाक्यांच्या मॉडचं. ज्यानं तो बनवला होता, तो परदेशातला कुणी माणूस, त्यानं केव्हाच त्याचा नाद सोडला होता. खेळ पुढं सरकत गेला, मॉड मागं राहिला. रोजच्या रोज गावाची नक्कल आपोआप निघायची आणि जुनी पुसली जायची. बिघाड आमच्या लक्षात आला तोवर हाताशी असलेल्या प्रत्येक नकलेत तो शिरलेला होता. मॉड काढला तर सर्व्हर वाचणार होता, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पण मॉड काढला की त्याची प्रत्येक वस्तू गावातून नाहीशी होते. नितीनच्या शेड, पाट्या, रॉकेटं, सगळं त्याच मॉडचं होतं.

शाहीद म्हणाला, काढून टाक. मीही तेच म्हणाले. अप्पा ऐकेना. त्यानं नेटवर अनोळखी लोकांना विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही. मॉड उघडून स्वतः दुरुस्त करायला बसला. त्याला त्यातलं फार येत नव्हतं, आणि येत नाही हे त्याला कळत होतं. आज रेल्वे बंद कर, उद्या शेत बंद कर, असं करत तो बाकी सगळ्यांचे मान गुंडाळून ठेवू लागला, नितीनचा तेवढा चालू राहावा म्हणून. शाहीदनं पुण्याहून येऊन समोरासमोर सुनावलं, "तू गाव न्हाय सांभाळत अप्पा, म्हसणवटा सांभाळायलास." त्यानंतर तो आला नाही, ना खेळात, ना दुकानात. बाकीचे हळूहळू यायचे थांबले. जिथं गेल्यावर दर वेळी बाहेरच फेकलं जातं तिथं माणूस किती दिवस जाणार?

दिवाळीला धाराशिवला घरी आले तेव्हा मी अप्पाच्या दुकानात गेले. अप्पा खाली बसून मोटारीत तार भरत होता. बारीक झाला होता. मी म्हटलं, "आतातरी काढ रे तो मॉड. शाहीद येईल, सगळे येतील."

"सोनारीत मान असा काढत न्हाईत," तो म्हणाला. "ज्याचा हाय तो माणूस स्वतः देवापुढं येऊन म्हणतो, मला आता होत न्हाय. मंग मान दुसऱ्याकडं जातो. नितीनला कुठं विचारू?"

"मग तात्यांना विचार."

"काय विचारू? तुमच्या पोराचं दुकान पाडू का, असं?"

त्याचं चुकतंय हे मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं, आणि त्यातून दोघांची सुटका नव्हती. एवढ्यात तात्या आले. मला ओळखून हसले, चहा नको म्हणाले आणि सरळ माळ्यावर गेले. आम्ही मागोमाग चढलो.

अप्पानं सर्व्हर चालू केला. नितीनचं दुकान दिसलं, पाटी दिसली. तात्या म्हणाले, "ते हिरवं उडीव." अप्पानं उडवलं. चित्र गोठलं आणि पडदा काळा झाला. त्यानं लॉग वाचला. या वेळी ओठ हलत नव्हते. पुन्हा सुरू केलं.

गाव आलं. रुळांविना स्टेशन होतं, माझ्या शेताचे नुसते बांध होते. दुकानाच्या जागी गवत होतं. गावाचा एखादा तुकडा फारच बिघडला की खेळ तो टाकून देतो आणि तिथं कोरी जमीन तयार करतो, कुणी कधी पाऊल न ठेवल्यासारखी. दोन झाडं आणि मधून एक वाहता ओढा.

"इथंच होतं न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"व्हय तात्या."

अप्पा नकला काढायला लागला. एक लावली, ती कोसळली. दुसरी लावली, तीही. तात्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "बंद कर लेकरा. एकदा अग्नी दिलाय म्या त्याला. दुसऱ्यांदा न्हाय होत."

ते जिना उतरून गेले. खालून दुकानाच्या पायरीवर त्यांच्या चपलांचा आवाज आला, मग तोही गेला. अप्पा म्हणाला, "येणार न्हाईत आता." ते खरंच पुन्हा आले नाहीत. अप्पा अजून मोटारी भरतो, मी गेले की चहा सांगतो, इकडचं तिकडचं बोलतो. माळ्यावर आता तांब्याची भंगार तार ठेवलेली असते.

त्या दिवशी त्यानं कॉम्प्युटरची वायर ओढली नाही. सर्व्हर बंद करायची रीत असते, हुकूम टाइप करायचा आणि सगळं नीट आवरेपर्यंत थांबायचं, तसंच त्यानं केलं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. थोड्या वेळानं, बंद होताना दर वेळी येते तशी, शेवटची ओळ उमटली: संपूर्ण जग सुरक्षित जतन झाले आहे.