जोहराभाभीच्या डिक्कीचे शॉकर

तीस वर्षं झाली मला देगलूर नाक्याला गाड्या खोलून. गुडघे गेले, कंबर गेली, राग तेवढा शाबूत हाय. गिऱ्हाईक गाडीचे हाल हाल करून आणतं आन् वर माझ्याच तोंडाकडं बघतं, तेव्हा डोकं फिरतंच. मनिषा, माझी बायको, म्हणते की तुमचं नाव भुजंग ठेवणाऱ्याला सगळं आधीच कळलं होतं. म्हणू दे.

पण जोहराभाभीपुढं माझं काही चाललं न्हाई. भाभी आन् तिचा नवरा ताहेरभाई बांगड्या विकतात. पिढीजात मनियार. जुनी हॅचबॅक गाडी, तिच्यात माल भरायचा आन् मुदखेड, बिलोली, लग्नसराईत पार शिरूर अनंतपाळपर्यंत बाजार करायचे. डिक्कीचं दार वर केलं की दुकान उघडलं. दाराला आतून तारा ओढलेल्या, त्यावर दोऱ्यात ओवलेल्या बांगड्या लटकवलेल्या. दिसायला झकास, पण काचेचं वजन काही कमी नसतं.

चार वर्षांमागं ताहेरभाईला लकवा मारला. डावी बाजू गेली. तेव्हा भाभी या वयात गाडी शिकली, लोक हसले तरी शिकली. आता गाडीही तीच चालवते, माल तीच उतरवते, बायांच्या हातात बांगड्याही तीच भरते. ताहेरभाईचं काम एकच, डिक्कीचं दार वर धरायचं. कारण दार तोलून धरणारे गॅसचे दोन नळे, ज्याला आम्ही शॉकर म्हणतो, ते त्या वजनानं कधीच मेले होते. हात सोडला की दार खाली. हा माणूस पाठ गाडीला टेकवून, उजवा हात वर लावून दोन-दोन तास उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याचा सलाम घ्यायचा, बायांची थट्टा करायची.

मी भाभीला दर वेळी सांगायचो, शॉकर बदलू. ती म्हणायची, पुढच्या बाजारानंतर बघू. टेकू लावायला मी एक दांडकं करून दिलं, ते म्हणे हरवलं. दुसरं दिलं, तेही हरवलं. मी चिडलो. बाई लई चिक्कट हाय, असं मनिषाजवळ बोललोसुद्धा.

मग या उन्हाळ्यात मुदखेडच्या बाजारात वावटळ आली. ताहेरभाईचा हात निसटला आन् दार भाभीच्या पाठीत बसलं. ती एका नवरीला हिरवा चुडा भरत होती. पोरीच्या हातातल्या दोन बांगड्या वाढल्या, लग्नाघरी फुटल्या म्हणायचं नसतं. पोरीची आई रडायला लागली, भाभीनं तशाच पाठीनं दुसऱ्या भरून दिल्या. आठ दिवसांनी ती आमच्या घरी मनिषाला बांगड्या भरायला आली, तेव्हा मनिषानं तिची पाठ बघितली. काळीनिळी झालेली. रात्री तिनं मला सांगितलं.

त्याच महिन्यात गाडी क्लचच्या कामाला आली. मी कुणाला न विचारता, माझ्या पदरचे नवे शॉकर बसवले. एकदम दोन्ही काढायचे नसतात, दार डोक्यात येतं. खाली लाकूड लावून एक काढला, नवा चढवला, मग दुसरा. नुसत्या दारावर भरवसा न ठेवता सगळ्या बांगड्या लटकवून बघितलं. एका बोटानं दार वर गेलं आन् तिथंच थांबलं. खरं सांगतो, लई दिवसांनी मला माझ्या कामाचं सुख वाटलं.

भाभी गाडी न्यायला आली. दार वर केलं, हात काढून घेतला, बघत राहिली. बरं केलं म्हणाली आन् निघून गेली. मला थोडं लागलं. एवढं करून दोन गोड शब्द न्हाईत, म्हणलो.

तीन आठवड्यांनी ती परत आली. एकटीच. उन्हानं तोंड करपलेलं, स्टुलावर बसली ती पाणीसुद्धा मागेना. मग विचारलं, "जुने शॉकर फेकले का हो, भुजंगभाई?"

मी म्हणलो, भंगारात पडले असतील, काय करायचे?

"परत बसवा."

माझं टाळकं सरकलं. नव्याच्या जागी मेलेलं सामान बसवायला मी काय खुळा हाय का, म्हणलो. अजून बरंच बोललो. माझा दम संपल्यावर तिनं सांगितलं, ते असं. नवे शॉकर बसल्यावर पहिल्या बाजाराला ताहेरभाई बाजूला खुर्चीवर बसून राहिला. कुणाला त्याचं काम पडलं न्हाई. दुसऱ्या बाजाराला पाय दुखतो म्हणून घरीच थांबला. तिसऱ्याला तर अंथरुणातून उठला न्हाई. दाढी न्हाई, अंघोळीला नको म्हणतो, भाकर अर्धी ठेवतो. डॉक्टरनं बजावलंय, उभा राहत गेला तर चालेल, पडून राहिला तर पडूनच राहील.

"मी थकले, भुजंगभाई," ती म्हणाली. "दार वर राहतंय तर माझी पाठ वाचती, कळतं मला. पण दिवसभर बाजार करून वर त्यांना उठवायचं बळ माझ्यात न्हाई. ते दारच त्यांना उठवत होतं."

ती दोन्ही दांडकी कुठं हरवली, ते मला तेव्हा कळलं. चार वर्षं मी या बाईला चिक्कट म्हणत होतो. लाज वाटली, लई लाज वाटली.

भंगार उपसून जुने शॉकर काढले. पण तिची पाठ डोळ्यांपुढून हलेना. शेवटी एका बाजूला नवा राहू दिला आन् दुसऱ्या बाजूला जुना बसवला. धंद्याच्या हिशेबानं ही चूकच हाय, दार वाकडं होतं, शिकाऊसुद्धा असं करत न्हाई. पण बांगड्या लटकवल्यावर दार हळूहळू खाली यायचं. धरावं तर लागणार, हात निसटला तरी आदळणार न्हाई. भाभीला सांगितलं, घरी जाऊन म्हण, भुजंगनं शॉकर चुकीचे बसवलेत, दार थांबत न्हाई.

बिलोलीच्या बाजाराच्या सकाळी गाडी माझ्या गॅरेजपुढं येऊन थांबली. ताहेरभाई काठी टेकत उतरला. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. दोन गिऱ्हाईकं समोर बसलेली. त्यानं डिक्की उघडली, दार खाली यायला लागलं तसं उजव्या हातावर झेललं आन् दोन्ही शॉकर नीट बघितले.

"एक नवा, एक जुना," तो म्हणाला. जीभ थोडी जड होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "तीस वर्षं गाड्या खोलतोस आन् तुला एक दार वर थांबवता येईना? मी नसतो तर हिचं काय झालं असतं?"

गिऱ्हाईकं माझ्याकडं बघायला लागली. भाभी स्टिअरिंगवर, मान खाली.

"हाव, ताहेरभाई," मी म्हणलो. "न्हाई जमलं मला."