स्टिकरखालचं कार्ड

दोन हजार आठच्या सुमारास मी गोंदियाजवळ कुडव्याला राहत होते आणि घरबसल्या घरांचे नकाशे काढत होते. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला होता, वर्गात आम्ही दोनच मुली. नवरा पोस्टात होता. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने मला कम्प्युटर घेऊन दिला आणि गोंदियातले तीन-चार ठेकेदार माझ्याकडे काम पाठवू लागले. त्या साली या ठेकेदारांना एकाएकी थ्रीडीचं वेड लागलं. घरमालकाला नुसता नकाशा दाखवून भागेना. रंग दिलेलं, गच्चीला रेलिंग लावलेलं, फाटकासमोर एखादी कार उभी असलेलं चित्र त्याला हवं असे. माझा कम्प्युटर असं चित्र फिरवायला घेतलं की गोठायचा. मी भाजी फोडणीला टाकून यायचे, तरी घर अर्धंच वळलेलं असायचं.

एका ठेकेदारानं शेवटी सांगून टाकलं, "मॅडम, ग्राफिक्स कार्ड डालो, नहीं तो काम दूसरे को देना पडेगा."

मग मी महिनाभर अभ्यास केला. कम्प्युटरची मासिकं आणली, सायबर कॅफेत बसून लोकांनी लिहिलेलं वाचलं, वहीत उतरवून घेतलं. आपल्या मदरबोर्डावर कोणती खाच आहे, आपला वीजपुरवठ्याचा डबा केवढा भार सोसेल, हे आधी पाहायचं. मग एक गोष्ट कळली की डब्यावर मोठ्या अक्षरांत जी मेमरी लिहिलेली असते ती गिऱ्हाइकाला भुलवायला असते. त्या मेमरीपर्यंत जायची वाट किती रुंद आहे, त्यावर खरं काम चालतं. अरुंद वाटेचं कार्ड स्वस्त आणि तशाच किमतीत थोडी रुंद वाट असलेलंही मिळू शकतं, फक्त विचारून घ्यावं लागतं. आमच्या बजेटात बसणारी दोनच कार्डं निघाली. त्यातलं एक मी पक्कं केलं.

नवरा सोबत आला. गोंदियाच्या बाजारातलं कम्प्युटरचं दुकान मोठं होतं, काचेच्या कपाटात डबे रचलेले. दुकानदार पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता. मी कार्डाचं नाव सांगितलं. त्यानं नवऱ्याकडे पाहून विचारलं, "भाईसाब, गेम के लिए चाहिए क्या?"

"मला पाहिजे," मी म्हटलं. "वाट किती बिटची आहे, ते आधी सांगा."

तो नवऱ्याकडेच पाहून हसला. "मॅडम बहुत पढ के आयी है." मग कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात थुंकला आणि खर्रा घोटलेल्या त्याच बोटांनी कपाटातून एक डबा काढून समोर ठेवला. डब्याचं सील फाटलेलं होतं. मी ते दाखवलं तर म्हणाला, "चेकिंग के लिए खोलना पडता है." डब्यावरचे आकडे माझ्या वहीतल्या आकड्यांशी जुळत होते.

बिल कोणाच्या नावानं, असं त्यानं विचारलं. नवऱ्यानं पूर्ण नाव सांगितलं. आडनावाशी आल्यावर त्याचं पेन थांबलं. आमच्याकडे आडनावावरून लोकांना पुढचं सगळं कळतं.

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला. "तुम लोगों को तो सरकार सब फोकट में देती है. ये भी मांग लेना था."

हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, शाळेत ऐकलं, आयटीआयच्या ऑफिसात ऐकलं. त्याची मला सवय होती. सवय नव्हती ती नवऱ्याच्या हसण्याची. तो हसला. फार नाही, सभ्यपणे, जशी काही ती थट्टाच होती. मला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं. त्या घाईत फाटलेल्या सीलचं मी विसरले, किंवा विसरल्यासारखं केलं.

घरी येऊन मी कॅबिनेट उघडलं, खिडकीशी उजेडात बसले आणि कार्ड पिशवीतून काढलं. त्याला सिगारेटचा वास येत होता. त्याच्या छोट्या पंख्यात काळी चिकट जळमटं अडकली होती. त्यात झुरळाचा एक पाय होता आणि पात्यांवर तांबूस वाळके शिंतोडे. ते कशाचे हे मला विचारावं लागलं नाही, अर्ध्या तासापूर्वीच मी ते पाहून आले होते. हात साबणानं धुऊन आले आणि तरीही ते कार्ड बसवलं, कारण वाटलं, निदान चालेल तरी. कम्प्युटरनं त्याची खरी माहिती दाखवली. मेमरी डब्यावर लिहिलेल्याच्या चौथा हिस्सा. वाट अरुंद. दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावरच्या घरावर हिरवे ठिपके उमटायला लागले.

कार्ड काढून नखानं वरचा स्टिकर उचकटला. खाली जुना स्टिकर होता आणि त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, "७ नंबर". कुठल्या तरी सायबर कॅफेतल्या सातव्या मशीनचं ते कार्ड होतं. किती वर्षं किती लोकांच्या धुरात आणि थुंकीत तापलं असेल देव जाणे.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत दुकानात. दुकानदारानं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं. "स्टिकर आपने निकाला. अब वारंटी खतम."

"तुम्ही जुनं कार्ड नवं म्हणून विकलं," मी म्हटलं.

तो चिडला नाही. उलट आवाज खाली आणून नवऱ्याला म्हणाला, "ऐसा करो भाईसाब, नया स्टिकर देता हूं. देहात तरफ का कोई पकडो. अर्जुनी साइड के लोग डिब्बा देख के ही खुश हो जाते." आणि ड्रॉवर उघडून त्यानं स्टिकरांचा एक कागदच काढला. टिकल्यांचं पाकीट असतं तसा, ओळीनं चिकटवलेल्या चकचकीत स्टिकरांचा. त्यातला एक कापून दिला. नवऱ्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला. मला वाटलं, बाहेर पडल्यावर फेकून देईल.

चार दिवसांनी नवरा पोस्टातून आला तो गिऱ्हाईक घेऊनच. म्हणजे माणूस नव्हे, बातमी. अर्जुनी मोरगावला एकानं फोटो स्टुडिओ काढला होता. लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग घरीच करायचं म्हणून तो कार्ड शोधत होता.

"असं कार्ड त्याला द्यायचं?" मी विचारलं.

"आपण कोणाला फसवून नाही राहिलो," नवरा म्हणाला. "आपल्याला जे मिळालं ते पुढे देऊन राहिलो. तुझा हात साफ आहे, तू लाव तो स्टिकर."

मी भांडले, मग भांडणं सोडलं. मग एका दुपारी जुना ब्रश आणि स्पिरिट घेऊन बसले. पंख्याचं एकेक पातं पुसलं, जळमटं सुईनं काढली आणि "७ नंबर"वर नवा स्टिकर लावला. ड्राफ्ट्समनचा हात होता माझा. एक केसभरही वाकडा गेला नाही. सरळ बसला म्हणून क्षणभर मला बरंही वाटलं होतं, हे मी लपवत नाही.

तो स्टुडिओवाला रविवारी सकाळच्या गाडीनं आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आत आल्याबरोबर कपाटावरच्या बुद्धमूर्तीला हात जोडले आणि मोकळा झाला. "आपलेच लोक हाव त मंग काय पायाचं," म्हणाला. मी चहा केला. त्यानं बशीत ओतून सावकाश घेतला, पोरीच्या बारावीचं सांगितलं. कार्ड डब्यातून काढून दोन्ही हातांत धरलं.

"चांगलं हाय ना, ताई? मले त यातलं काही समजत नाही. तुमी इंजिनिअर बाई."

"चांगलं आहे," मी म्हटलं. नवरा माझ्याकडे पाहत होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. "ताई, एक इचारू का? हिरवे ठिपके येऊन रायले. माह्याच मशीनमधी खोट असन का?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट आपल्याच अडाणीपणाची लाज होती. नवरा शेजारी उभा होता. त्यानं मान हलवली, हो म्हण.

"मी उद्या येते पाहायला," मी म्हटलं.

सकाळची पॅसेंजर धरली. सौंदडला गाडी बराच वेळ थांबली. डब्यात शेजारच्या बाईनं मला तब्येत बरी नाही का विचारलं.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे निळा पडदा, समोर टेबल. त्यानं मला खुर्ची दिली आणि कम्प्युटर सुरू केला. नवरीच्या हळदीचं शूटिंग होतं. पोरगी पाटावर बसली होती, बाया गात होत्या आणि तिच्या गालावर, कपाळावर, हळद लावणाऱ्या हातांवर हिरवे ठिपके वळवळत होते, सडक्या फळावर बुरशी चढावी तसे. मला ते बघवेना.

"पोरीवाले सीडी मांगून रायले," तो म्हणाला. "मी तीनदा मशीन खोलून पायलं."

मग मी सांगितलं. जुनं आहे. आम्हाला माहीत होतं.

त्यानं मशीन बंद केलं. मग कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "वरतं स्टिकर कोणं लावला?"

"मी."

त्यानं कार्डाचे दिलेले पैसे मी टेबलावर ठेवले. त्यानं ते न मोजता खिशात घातले. कार्डाला मात्र हात लावला नाही. टेबलावरच्या पट्टीनं माझ्याकडे सरकवलं.

"त्या दुकानवाल्याचं मले काही वाटत नाही," तो म्हणाला. "त्याचा धंदाच तसा हाय. पण मी तुमच्या घरी चा पेलो." कार्डाकडे बोट करून म्हणाला, "घेऊन जा. अन् दुसऱ्याले देऊ नोका."

त्यानं मला जा म्हटलं नव्हतं, पण मी उठले. तोही दारापर्यंत आला नाही.

घरी नवरा वाट पाहत होता. पैसे परत दिले म्हटल्यावर तो तडकला. माझी बडबड, माझा मूर्खपणा, सगळं निघालं. मी ऐकून घेतलं. शेवटी त्यानं विचारलं, "माझं नाव घेतलं का?"

"नाही. स्टिकर मी लावला म्हटलं."

त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मला त्या दुकानदाराच्या थुंकीपेक्षा घाण वाटली. त्या क्षणी मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं ते परक्या माणसाकडे पाहावं तसं, आणि पुढची कित्येक वर्षं तो चेहरा मध्येच आठवून मला त्याच्या हातचं पाणीसुद्धा नको व्हायचं. त्याला मी हे कधी बोलले नाही. त्याच्याइतकाच माझाही हात त्यात होता, हे मला माहीत होतं.

कार्ड भंगारवाल्याला दिलं असतं तर ते परत कुठल्या तरी काचेच्या कपाटात गेलं असतं. म्हणून मी ते अंगणातल्या फरशीवर ठेवलं आणि हातोडीनं फोडलं. पंखा उडून कुंपणापाशी पडला. नवरा दारातून म्हणाला, "अर्धे पैसे तरी आले असते." मी तुकडे गोळा करून कागदात बांधले.

त्या मोसमात दोन ठेकेदारांनी काम काढून घेतलं. दिवाळीनंतर मी एकटी नागपूरला गेले आणि सील न फोडलेलं कार्ड घेतलं, माझ्या वहीतल्या दोन्ही कार्डांपेक्षा कमी ताकदीचं. त्यावर घर हळूहळू वळे, पण पूर्ण वळे. सहा वर्षं चाललं ते. अर्जुनीच्या त्या लग्नाची सीडी वेळेवर गेली का, हे मात्र मला अजून माहीत नाही. दोन-तीनदा नंबर लावायला घेतला होता. काय विचारणार, हे सुचलं नाही.