जुना पार्ट

आमच्या वरंधच्या विहिरीवरची मोटर बिघडली की महाडहून एक मेकॅनिक येतो. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात कोंबल्याशिवाय तो निघतच नाही. "बघून घ्या. उद्या बोलाल, बदललाच नाय." आमच्या पडवीत त्या गंजक्या भंगाराचा ढीग झालाय.

त्याच्या हृदयात जन्मापासून दोष होता, लहानपणीच ऑपरेशन झालेलं. तरी अलीकडे विहिरीवरून घराकडे चढताना तो मध्येच दगडावर बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "थांबा वाईच, मोटरचा आवाज ऐकतोय." मोटर तेव्हा बंद असायची.

शेवटी यंदा मुंबईत त्याच्या हृदयातला व्हॉल्व्ह बदलला. शुद्धीवर येताच त्याने डॉक्टरांकडे जुना मागितला. डॉक्टर हसले, पण दिला नाही. "मग बदलला कशावरून?" घरी आल्यावरही त्याचं हेच पालुपद. बायकोने हात टेकले.

परवा तो आला. मोटर दुरुस्त करून आम्ही चढाला लागलो. दगडापाशी मी सवयीने थांबलो. तो मात्र बडबडत पुढे गेला, थेट पडवीपर्यंत. तिथे पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं. छातीवर हात ठेवून तो वरून ओरडला,

"बदललाय वो! खराच बदललाय!"