रामटेके काकांचा लाल टॅग

रामटेके काका पटावर आधी सोंगट्या मांडत नसत. आधी खिशातून पत्र्याचा एक लाल टॅग काढून पटाच्या कडेला ठेवत. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘आदमी काम पर है’. मागच्या बाजूला खिळ्यानं कोरलेलं एक नाव होतं, झिजून त्यातला फक्त ‘वा’ उरलेला. टॅग ठेवला की काका समोरच्याकडे असे बघत, जणू आता या पटातून करंट जाणार आहे.

मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा आठ वर्षांची होते. भिलाईत खुर्सीपारला आमच्या बुद्धविहाराला लागून एक खोली आहे. काका पोलादाच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. पहिली पाळी करून आले की संध्याकाळी तिथं पट मांडून बसत. मी बसल्या बसल्या घोडा उचलला, तशी त्यांनी माझ्या मनगटावर टपली मारली.

“कावून हात लावला? लिहिलं का?”

“काय लिहू?”

“चाल. आधी वहीत लिहाची. मंग पुरा पट एकदा पाहाचा. मंग हात लावाचा. मशीन दुरुस्त कराची असन त आमी पयले बटन बंद करतो, त्याच्यावर आपला टॅग लावतो, मंगच आत हात घालतो. आन ज्यानं टॅग लावला त्यानंच काढाचा. साहेब आला तरी दुसऱ्यानं नाई.”

मी जन्माची उतावळी. मला ही शिस्त म्हणजे नुसता छळ वाटायचा. पण काका ऐकत नसत. वहीत चाल लिहिली नाही तर डाव मोडून सोंगट्या डब्यात भरत आणि म्हणत, “जाय घरी, आज तुह्या हाताले घाई हाये.” खेळाडू म्हणून ते बेताचेच होते. बाराव्या वर्षी मी त्यांना हरवलं, तेव्हा ते अख्ख्या गल्लीत सांगत फिरले. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला थांबवून म्हणाले, “भैया, आज हम हार गये!” असा आनंदानं हरणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

चौदाव्या वर्षी मी परदेशी पहिली स्पर्धा खेळले आणि काकांच्या शिस्तीचाच फटका बसला. आधी चाल खेळायची आणि मग लिहायची, असा नियम होता. आधी लिहिणं म्हणजे टिपण करणं, आणि त्याला मनाई. इकडच्या लहान स्पर्धांत कुणी बोललं नव्हतं, तिथं पंचांनी दोनदा ताकीद दिली. घरी येऊन मी काकांवर सगळा राग काढला. “तुमच्यामुळे माझी शोभा झाली,” असंही म्हणाले. तीन दिवस ते विहाराकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि त्यांनी माझा डावा हात उचलून माझ्याच उजव्या हातावर ठेवला.

“हा तुहा टॅग. चाल ठरली का डावा हात असा ठेवाचा, पट पाहाचा, मंग काढाचा. याले कोनता पंच बंद करन?”

त्या हातावरच्या हातानं मला फार पुढे नेलं. जगज्जेतीला आव्हान कोण देणार, हे ठरवायला आठ जणींची स्पर्धा होते. प्रत्येकीशी दोनदा, असे चौदा डाव. त्या आठांत मी पोचले. आम्ही सगळ्या एकाच हॉटेलात राहायचो. सकाळी न्याहारीला आठ जणी आठ टेबलांवर, एकमेकींकडे पाठ करून. लिफ्टमध्ये कुणी दिसली तर मी जिन्यानं जायची. दहाव्या डावानंतर माझ्या घशाखाली घास उतरेना. काकांचा रोज सकाळी फोन यायचा आणि प्रश्न ठरलेले असायचे. “जेवली का? झोपली का? टॅग हाये ना?” मी तिन्हींना हो म्हणायची. त्यांतली पहिली दोन उत्तरं खोटी असत.

तेरा डाव झाले तेव्हा आम्ही दोघी सारख्या गुणांनी सर्वांत पुढे होतो, मी आणि एक उंच, शांत मुलगी. चौदाव्या डावात तिला बरोबरी मान्य करावी लागली. ती उठली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. आता सगळं माझ्या पटावर होतं. जिंकले तर मी आव्हानवीर. बरोबरी झाली तर दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींचे निर्णायक डाव. हरले तर संपलं. माझं एक प्यादं जास्त होतं आणि घड्याळात चार मिनिटं होती. वीस मिनिटं मी हत्तीच्या चालीचा विचार केला होता आणि शेवटी राजा हलला नाही तर माझ्यावरच मात येते, हे दिसून ती चाल टाकून दिली होती. राजाच हलवायचा, हे ठरलं. मी डावा हात उजव्या हातावर ठेवला. घामानं चष्मा नाकावरून घसरत होता आणि त्या मुलीची सावली माझ्या पटावर पडली होती. मी चष्मा वर सारायला डावा हात उचलला.

उजवा हात सुटला आणि वीस मिनिटं जिथं मन होतं तिथंच गेला. माझी बोटं हत्तीवर होती.

हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते. हत्तीला जायला जेवढी घरं होती, त्यांतलं एकही मात थांबवत नव्हतं. मी बोटं उचललीच नाहीत बराच वेळ. माझ्याशी खेळणाऱ्या मुलीलाही कळलं होतं, ती माझ्याकडे बघेना. मग मी हत्ती सरकवला, आणि दोन चालींनी हार मानून हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर फोन वाजला. “जेवली का?”

“काका, टॅग मीच काढला.”

काका म्हणाले, “घरी ये. तुले एक सांगाचं रायलं.”

मी खेळ सोडायचा ठरवूनच भिलाईला आले. विहाराच्या खोलीत काकांनी टॅग पटावर ठेवला, पण सोंगट्या काढल्या नाहीत. ते सांगू लागले. प्लांटमध्ये लागण्याआधी ते गावाकडे एका छोट्या कारखान्यात होते. वासुदेव त्यांचा जोडीदार. “वासुदेव मशीनमंदी होता. मले वाटलं, तो जेवाले गेला. पाळी सुटत होती, घरी जाची घाई होती. मी त्याचा टॅग काढला आन बटन दाबलं.” काकांनी आपल्या उजव्या मनगटावर बोट ओढलं. “इथून गेला त्याचा हात.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

“आठ दिवस मी दवाखान्याच्या फाटकावरून वापस आलो. मंग इचारलं, एका हातानं खेळता येन असा खेळ कोनता? कोनीतरी बुद्धिबळ म्हनलं. मले येत नोयतं. शिकलो, पट घेतला आन जाऊन बसलो त्याच्यासमोर. दीड महिना तो बोलला नाई. फक्त खेळे. आन मले हरवे.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तुहा त नुसता डाव गेला, पोरी. तू बी जाऊन बस पटासमोर.”

मी बसले नाही. मला ते ऐकून काकांची दया आली, त्यांचा रागही आला, आणि माझ्या डोळ्यांपुढून तो हत्ती काही हटेना. आठ जणींच्या पुढच्या स्पर्धेसाठीच्या पात्रता स्पर्धेचं बोलावणं आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. काका दर संध्याकाळी पट मांडून बसायचे आणि मी शेजारच्या गल्लीतून जायची. पावसाळा संपता संपता त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि आठवड्याभरात ते गेले. त्या गल्लीतून जाण्याची लाज मला अजून वाटते.

काकांच्या मरणोत्तर पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक जेवायला बसले. मी त्या खोलीत गेले. पट होता, त्यावर लाल टॅग तसाच पडलेला. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते, उजवी बाही मनगटापाशी दुमडून पिन लावलेली. कुणी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

“तू सुजाता? तुहा हरेक डाव तो मले फोनवर सांगे. रविवारी माहा डाव बी फोनवरच चाले त्याच्यासंगं.”

ते आत आले, टॅग डाव्या हातात घेतला, उलटा केला आणि त्या झिजलेल्या अक्षरावरून अंगठा फिरवला.

“हा माहाच हाये. त्या दिवशी लावला होता. मी त्याले कितीकदा म्हनलं, फेकून दे, मी विसरलो. तो म्हने, ज्यानं लावला त्यानंच काढाचा.” त्यांनी टॅग स्वतःच्या खिशात टाकला. “घे. काढला.”

मग ते खाली बसले आणि एका हातानं सोंगट्या मांडू लागले. माझ्या बाजूच्या मांडायलाही त्यांनी मला हात लावू दिला नाही. पांढऱ्या माझ्याकडे होत्या. दोन्ही हत्ती कोपऱ्यात नीट बसवून ते म्हणाले, “बोहनी तुही. घाई नाई.”

मी डावा हात उजव्या हातावर ठेवला. पुरा पट एकदा पाहिला. समोर ते वाट बघत होते, आणि मी रडत होते. मग मी डावा हात काढला आणि राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

त्या रात्रीच मी पात्रता स्पर्धेला होकार कळवला.