रिम्मा सावेल्येव्नाचं बिनआवाजी व्याख्यान

व्होल्गा नदीकाठच्या किनेश्म्यात कुणाला गुपित सांगायचं असेल तर तो आवाज खाली आणत नाही, तोंडावर हात धरतो. गावातल्या साठीपुढच्या निम्म्या बायका गिरणीच्या साळखात्यात राबलेल्या. तिथं दीडशे माग एकदम धडधडत असायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईची शिंकसुद्धा ऐकू यायची नाही. त्यामुळं तिथं बोलायचं ते ओठांनी, आवाज न काढता, आणि ऐकायचं ते डोळ्यांनी. एक बाई खात्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, मध्ये कापसाची धूळ. तरीही एखादीच्या नव्या सुनेचे गुणदोष पाळी सुटायच्या आत सगळ्या खात्याला पाठ झालेले असायचे.

रिम्मा सावेल्येव्ना या विद्येत सगळ्यांच्या वर. वय एकाहत्तर, बांधा बुटका, पाय किंचित फेंगडे, ओठ मात्र शिक्षिकेच्या अक्षरासारखे स्वच्छ. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहून ती समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीशी तासभर वाद घालायची आणि खाली बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना चिमण्यांशिवाय काही ऐकू यायचं नाही. व्होल्गेवरून उन्हाळ्यात पांढरी प्रवासी जहाजं जायची, तेव्हा ती घाटाच्या पायऱ्यांवर बसून कठड्याशी उभ्या असलेल्या लोकांची भांडणं वाचायची. "ती हिरव्या टोपीवाली नवऱ्याला म्हणतेय, तुझ्या आईला आणायचंच नव्हतं," असं तिनं एकदा शेजारणीला सांगितलं. पाठोपाठ कठड्यावर आई आली. दोघींनी त्या आईला आपुलकीनं हात केला.

तोंडातून आवाज काढायची वेळ आली, की मात्र पंचाईत. एकतीस वर्षं मागाशेजारी काढल्यावर मधला आवाज म्हणून काही उरत नाही. रिम्मा सावेल्येव्नाकडे दोनच आवाज होते. एक मुळीच नाही असा आणि दुसरा असा, की तिनं दुकानात पाव मागितला की मागच्या अंगणातलं कुत्रं उठून बसायचं.

गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. लाल विटांच्या इमारतीत आता फर्निचरचं दुकान होतं, व्यायामशाळा होती आणि एका दालनात गिरणीचं छोटं संग्रहालय. त्यात गिरणी काढणाऱ्या व्यापाऱ्याची तसबीर, छिटाच्या कापडाचे नमुने, आणि मधोमध माग क्रमांक एकशे चौदा. हा माग रिम्मा सावेल्येव्नाचा. संग्रहालयात तिची नेमणूक अशी नव्हती, पण ती रोज सकाळी तेलाचा डबा आणि फडकं घेऊन यायची आणि तिला अडवायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

संग्रहालयाचा संचालक ग्लेब आर्काद्येविच हा तिशीतला सडपातळ, शिकलेला आणि घाबरट माणूस. भर जुलैतसुद्धा गळ्याला पातळ मफलर गुंडाळायचा. एका सोमवारी तो मागाजवळ येऊन उभा राहिला आणि मफलरची टोकं चाळवत म्हणाला, "रिम्मा सावेल्येव्ना, माग हलवायचा आहे."

"किती? भिंतीकडे जरा?"

"इवानोवोच्या गोदामात."

तिनं फडकं खाली ठेवलं. "का रे? तुला चावला का तो?"

"तसं नाही हो. जागा पाहिजे. इथं कॉफीची टेबलं मांडायची म्हणतोय. लोक येतात, दहा मिनिटांत कंटाळून आइस्क्रीमकडे जातात. गेल्या जहाजाची चाळीस माणसं होती. मी गिरणीच्या स्थापनेपर्यंत पोचलो, तेव्हा दोन उरली होती. त्यातलं एक झोपलं होतं."

"तुझ्या सांगण्यानं मीही झोपले असते. माग चालू करून दाखव, मग बघ कोण हलतंय."

ग्लेब आर्काद्येविच भिडस्त होता. नाही म्हणण्यापेक्षा अट घालणं त्याला सोपं वाटलं. गुरुवारी जहाज येणार होतं, चौतीस प्रवासी. रिम्मा सावेल्येव्नानं माग चालवावा आणि माहितीही तिनंच द्यावी. चौतीसपैकी निम्मे, म्हणजे सतरा जण शेवटपर्यंत थांबले, तर माग राहील. सोळा राहिले, तर शुक्रवारी ट्रक.

"अग्निशमन खात्यानं वीज फक्त गुरुवारी तासभर वापरायला परवानगी दिलीय," तो म्हणाला. "आणि माग चालू असताना ऐकू कसं येणार? तुम्हाला माईक देतो."

"माईक?" रिम्मा सावेल्येव्नाचा अपमान झाला. "एकतीस वर्षं मी याच मागापाशी बोलले. माझं बोलणं कळलं नाही अशी एकीनं तरी तक्रार केली का?"

हे खरंच होतं, त्यामुळं माईकचा विषय तिथंच संपला.

तीन दिवस तिनं व्याख्यान लिहिलं. एकोणीस पानं झाली. भावजय ल्युस्या तिच्याकडेच राहायची. ती स्वयंपाकघरात गार सूपासाठी काकड्या आणि शेपू चिरत बसली होती, तिला रिम्मानं समोर धरून सगळं वाचून दाखवलं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"रिम्मे," ल्युस्या म्हणाली, "दुसऱ्या पानावर बॉयलर येतो आणि पाचव्यावर परत येतो. तो तोच का?"

"दुसरा. तोच असता तर दोनदा कशाला सांगितला असता?"

"मग पहिल्याचं काय झालं?"

"ते अकराव्या पानावर आहे."

"माणसं सुटीवर आलीत गं. त्यांना कशाला इतके बॉयलर? प्रेमाचं काही नाही का?"

"सोळाव्या पानावर मुकादमाचं लग्न आहे."

"सोळाव्यापर्यंत थांबायचं?" ल्युस्यानं काकडीचं टोक तोंडात टाकलं. "तू शुक्रवारी ट्रकबरोबर जेवण बांधून दे हो त्या ड्रायव्हरला."

गुरुवारी रिम्मा सावेल्येव्नानं निळा कोट घातला, गिरणीचं पदक लावलं आणि रात्रभर केसांना रोलर लावून ते कुरळे करून आली. जहाजातले लोक घाटाचा चढ चढून घामाघूम झाले होते. बहुतेक पेन्शनर, दोन मधल्या वयाची जोडपी. दाराबाहेर आइस्क्रीमची गाडी उभी होती आणि आत येताना प्रत्येकानं तिच्याकडे एक नजर टाकली होती. ग्लेब आर्काद्येविच मागच्या भिंतीशी उभा राहून माणसं मोजत होता. चौतीस.

"नमस्कार!" रिम्मा सावेल्येव्ना म्हणाली. पहिली रांग एक पाऊल मागं सरकली. "मी एकशे चौदा क्रमांकाच्या मागावर एकतीस वर्षं काढली. आता ऐका!"

तिनं कांडी भरलेला धोटा जागेवर ठेवला, बटण दाबलं, दांडा ओढला. माग जागा झाला. खाडखाड, खाडखाड. जमीन हलायला लागली, तसबिरीतला व्यापारी खिळ्यावर डुलायला लागला आणि रिम्मा सावेल्येव्नाच्या तळपायातून वर गुडघ्यापर्यंत एक जुनी, ओळखीची थरथर चढली. तिनं मान उंचावली आणि पहिल्या पानापासून बोलायला सुरुवात केली.

आणि काय ते श्रोते! असे श्रोते तिनं जन्मात पाहिले नव्हते. कुणी इकडंतिकडं बघेना, कुणी कुजबुजेना. चौतीसच्या चौतीस माणसं डोळे मोठे करून थेट तिच्या तोंडाकडे बघत होती. मागचे टाचा उंचावत होते. एक आजोबा तर इतके गुंगले, की त्यांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली, पुसलं आणि परत बसवलं. दुसऱ्या पानावरचा बॉयलर असा गेला, की तिला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

गंमत एवढीच होती, की माग सुरू झाल्या क्षणी तिचा आवाज बंद झाला होता आणि हे तिला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांची सवय. माग चालू म्हणजे ओठ चालू, गळा बंद.

श्रोत्यांची अवस्था अवघड होती. ज्याला ऐकू येत नव्हतं त्याला वाटत होतं, की आपल्यालाच येत नाही, बाकीच्यांना येतंय. या वयात ते चारचौघांत कोण कबूल करणार? म्हणून जो तो समजल्यासारखी मान हलवत होता. पाचव्या पानाला पिवळ्या टोपीतल्या एका बाईचा धीर सुटला. रिम्मा सावेल्येव्ना दोन्ही हातांनी भलामोठा गोल आकार दाखवत असताना ती ओरडली, "टरबूज!"

मागाच्या धडाक्यात ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण रिम्मा सावेल्येव्नानं ओठ वाचले. तिनं मान हलवली. टरबूज कसलं? बॉयलर. तिनं आकार आणखी मोठा करून दाखवला.

"गरोदर बाई!" शेजारच्या गृहस्थानं सुचवलं.

"जुळी!" त्याची बायको म्हणाली.

रिम्मा सावेल्येव्नाच्या कपाळाला आठी पडली. तिनं हातांनी वाफ दाखवली, चटका दाखवला, बोट झटकलं.

"समोवार!" चहाचं पाणी उकळायचं भांडं आठवून तीन-चार जण एकदम ओरडले, आणि "जवळ आलात" अशा अर्थानं तिनं बोट उंचावताच दालनात जो आनंद पसरला तो काय सांगावा. माणसं भिंतीलगतच्या खुर्च्या पुढं ओढून बसली. दोन गट पडले. बाहेर आइस्क्रीमवाली एकटी उभी होती. शेवटी तीही दारात येऊन बघायला लागली.

बाराव्या पानावर, मागच्या बाजूला उभ्या असलेल्या एका जाड बाईनं हात वर केला आणि अगदी स्वच्छ ओठांनी, आवाज न काढता म्हटलं, "ताई, तुमचा आवाज निघत नाहीये."

रिम्मा सावेल्येव्नाच्या हातातून पानं पडली. "काय सांगता! कधीपासून?"

"माग लावल्यापासून. मी आन्फिसा पेत्रोव्ना. इवानोवोत अठ्ठावीस वर्षं साळखात्यात होते."

"अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं?"

"छान चाललं होतं तुमचं. पहिल्या बॉयलरचं काय झालं ते मला ऐकायचं होतं."

रिम्मा सावेल्येव्नानं छाती भरून श्वास घेतला. तिनं आवाज काढायचा प्रयत्न केला. गळ्याची शीर फुगली, पण आवाज काही येईना. माग चालू असताना बोलायचं म्हणजे तिच्या गळ्याला देवळात शिट्टी मारायला सांगितल्यासारखं झालं. "संपलं," ती ओठांनी म्हणाली. "किती जण निघून गेले?"

"एकही नाही. उलट दोन वाढलेत. पण तुम्हाला एवढं काय झालं?"

मग रिम्मा सावेल्येव्नानं तिला सगळं सांगितलं, खात्याच्या या टोकावरून त्या टोकाला, जसं पूर्वी सांगायची तसं. सतरा माणसांची अट, कॉफीची टेबलं, शुक्रवारचा ट्रक. बाकीच्यांची डोकी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे वळत होती.

"आणि हा उपद्व्याप कुणाचा?"

"तो भिंतीशी आहे ना, मफलरवाला. माणूस वाईट नाही. बावळट आहे थोडा. पोरी त्याला विचारत नाहीत, कारण त्या मफलरात तो घसा दुखणाऱ्या बगळ्यासारखा दिसतो. याची आजी माझ्या शेजारी, एकशे पंधरावर होती. पाळणाघर बंद असलं की याला खात्यात घेऊन यायची. याची चड्डी मी किती वेळा बदलली असेल..."

"ताई," आन्फिसा पेत्रोव्ना म्हणाली, "त्या बगळ्याचे कान लाल झालेत."

रिम्मा सावेल्येव्नानं भिंतीकडे पाहिलं. ग्लेब आर्काद्येविचचे कान खरोखरच बीटच्या रंगाचे झाले होते. तो तिच्याकडे बघत होता. मग त्याचे ओठ हलले. जरा अडखळत, बालपणानंतर कधी न वापरलेल्या भाषेत बोलावं तसे. "मला सगळं कळतंय, रिम्मा मावशी. आजी मला असंच रागवायची."

एक क्षण रिम्मा सावेल्येव्नाला कुठं बघावं कळेना. पण तोंड लपवून काय होणार होतं? ती सरळ त्याच्याकडे वळली.

"कळतंय तर मग ऐक. मला तुझी टेबलं नकोत असं नाही. मांड की, कडेनं मांड. पण हा माग गेला तर मी बोलू कुठं? गॅलरीतून बोलते ती समोरची आता मुलाकडे जायची म्हणतेय, पेर्मला. घरात ल्युस्या आहे, ती बोलताना काकड्यांकडे बघते."

ग्लेब आर्काद्येविचनं दालनात नजर फिरवली. चौतीस माणसं, आइस्क्रीमवाली आणि व्यायामशाळेतून आवाज ऐकून आलेला एक घामेजला पहिलवान. सगळे श्वास रोखून आता त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"माग राहील," त्याचे ओठ म्हणाले.

रिम्मा सावेल्येव्नानं दांडा मागं ओढला. माग थांबला. त्या अचानक शांततेत तिचा दुसरा आवाज इतका दणक्यात फुटला, की पिवळ्या टोपीच्या हातातली पर्स पडली. "आता मोठ्यांदा म्हण! साक्षीदारांसमोर!"

"माग इथंच राहील," ग्लेब आर्काद्येविच हळू म्हणाला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं, पण शेवट चांगला झाला एवढं दिसत होतं. "वा! काय नाटक!" कानात यंत्र असलेले आजोबा म्हणाले. "पण ताई, तुम्ही एवढं सांगत काय होतात हो?"

रिम्मा सावेल्येव्नाचा चेहरा उजळला. तिनं जमिनीवरची पानं गोळा केली, क्रमानं लावली आणि कोट नीट केला. "सांगते की! अगदी पहिल्यापासून सांगते. गिरणीची स्थापना!"

पहिल्या पानाच्या शेवटी जोडपी गेली. पहिल्या बॉयलरला पिवळी टोपी आणि तिचा सगळा गट उठला. दुसऱ्या बॉयलरपर्यंत आइस्क्रीमच्या गाडीपुढं मोठी रांग लागली होती आणि तिथून "समोवार!" म्हणून हसण्याचे आवाज येत होते. रिम्मा सावेल्येव्नाला त्याचं काही वाटलं नाही. आन्फिसा पेत्रोव्नानं बूट काढून पाय खुर्चीवर घेतले होते आणि तिच्या शेजारी ग्लेब आर्काद्येविच हात मांडीवर ठेवून, मुकाट्यानं अकराव्या पानाची वाट बघत बसला होता.