चोवीस तासांची लघवी

अकराव्या वर्षापासून मी इन्शुलिन टोचून घेते. तेविसाव्या वर्षी लघवीतून प्रथिनं जायला लागली, म्हणजे किडन्या झिजायला लागल्या. यवतमाळच्या एका डॉक्टरांकडे तेव्हा नव्या गोळीची चाचणी चालू होती. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. आपल्या वाट्याला खरी येईल, या आशेवर मी सही केली.

दर तीन महिन्यांनी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमवून न्यायची. सांडली तर तसं सांगायचं आणि पुन्हा जमवायची. कापसाचा भाव पडलेली ती वर्षं. आर्णीजवळच्या आमच्या घरात पुढची खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली, भाव येईल म्हणून थांबवलेला. अंगाला खाज, भाजीत धागे, आणि त्याच ढिगामागे कोणाला दिसू नये म्हणून दडवलेला माझा कॅन. वास मात्र सगळ्यांना यायचा. शेजारची काकू पदर नाकाला लावून बसायची आणि चहा दोनदा प्यायची. मला तिची किळस यायची, त्याहून माझी स्वतःची.

कापूस बाजारात न्यायच्या दिवशी बाबा त्यावर पाणी शिंपडायचे, वजन भरावं म्हणून. माय तांब्या भरून द्यायची. मी तोंड फिरवून घ्यायची. अख्खं गाव करते, असं दोघंही म्हणायचे, जणू गावानं केलं की ओला कापूस कोरडा होतो.

तिसऱ्या खेपेचा अहवाल घ्यायला माय सोबत होती. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. प्रथिनं निम्म्यावर आली होती. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. परतताना एसटीत मी नोकरीचं, लग्नाचं, काय काय बोलत सुटले. माय खिडकीबाहेर बघत होती. आर्णीचा स्टँड आला तरी उठेना.

"कॅन लवंडला होता," ती म्हणाली. "तू आंघोळीले गेलती. अर्धा कापसात गेला. मंग म्या पाणी भरून ठेवलं."

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं, काहून?

"कमी दिसली असती त तुह्यं नाव काटलं असतं."

तिला वाटलं, तिथेही वजनच बघतात. मला त्या तांब्याची, तिच्या हाताची, मुतानं भिजून बाजारात गेलेल्या त्या कापसाची शिसारी आली. सगळ्यात जास्त माझी आली, कारण माझ्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. कागदावर तरी मी बरी होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आकड्यावर रेघ मारली आणि नवा कॅन दिला. या वेळी माय दिवसभर त्या कॅनशेजारीच बसून भाजी निवडत राहिली, काकूलाही तिनं दारातूनच परत पाठवलं.

अहवाल आला तेव्हा डॉक्टरांनी जुने कागद शेजारी ठेवून आकडे ताडून पाहिले. प्रथिनं पहिल्या खेपेपेक्षाही वाढली होती. माझ्या आधी माय बोलली, शपथ घेतल्यासारखा गळ्याला हात लावून.

"या खेपेले म्या थेंबभरही पाणी नाही टाकलं, साहेब."